लोंबत्या चाकावर आवळलेला बोल्ट

गाडीबरोबर बिलांची फाइल आली, त्यामुळे निम्मं काम तिथंच झालं. छोटी डिझेल सेडान, ७९,८०० किलोमीटर. मालकांचा औषधांचा धंदा. आठवड्यातून दोनदा डिकीत खोकी भरायची, गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरेमार्गे कणकवली गाठायची आणि रात्री परत कोल्हापूर. तक्रारी तीन: ब्रेक मारला की पुढं डावीकडं ‘खट्’ वाजतं, गाडी त्याच वेळी डावीकडं ओढते, आणि वळण संपलं तरी स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

“गॅरेजवाले आता तिसऱ्यांदा लोअर आर्म घाला म्हणतायत, मिस्त्री,” मालक म्हणाले. “शिव्या रस्त्याला घालू का पार्टला?”

लोअर आर्म म्हणजे चाक खालून गाडीला जोडणारा लोखंडी हात. फाइल चाळली. गाडीचे मूळ आर्म ६२,००० ला बदललेले, सोबत लिंक रॉड. ७१,४०० ला परत दोन्ही आर्म, आणि दोन्ही शॉकअप नवे. मध्ये चार वेळा अलाइनमेंट. कारखान्यातून बसून आलेला आर्म बासष्ट हजार चालला, बाहेर बसवलेला ९,४०० मध्ये संपला आणि त्यानंतरचा ८,४०० मध्ये. रस्ता तोच, घाट तोच, चालवणारा तोच. म्हणजे रस्त्याला शिव्या घालून उपयोग नव्हता. पार्टचं खोकं मालकांनी जपून ठेवलं होतं, आर्मवरचा शिक्का आणि नंबर त्याच्याशी जुळत होते. पार्टही बरोबर. उरली बसवण्याची पद्धत. पण तोवर हा अंदाजच होता.

आधी गाडी बाहेर काढली. उद्यमनगरात फाउंड्र्यांच्या मागं ट्रक फिरून डांबर उखडलेले रस्ते आहेत. सस्पेन्शन ऐकायला त्यासारखी जागा नाही. रेडिओ, एसी बंद, काचा खाली, वेग १५ ते २०. स्पीडब्रेकर एकदा सरळ ओलांडायचा, एकदा तिरका, म्हणजे आधी एक चाक चढेल आणि मग दुसरं. सरळ गेलं की दोन्ही चाकं एकदम वर येतात, स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी सळई, तिच्या टोकांना लिंक रॉड) नुसता फिरतो, पिळला जात नाही आणि लिंक रॉडवर जोर येत नाही. तिरकं गेलं की बार पिळला जातो, ढिला लिंक रॉड लगेच खडखडतो. इथं दोन्हीकडं शांतता. लिंक रॉड सुटला यादीतून. मग १० च्या वेगात ब्रेक, लगेच रिव्हर्स टाकून परत ब्रेक. दर वेळी एकच ‘खट्’, डाव्या पायाखाली, फ्लोअरमध्ये जाणवणारा. पुढं-मागं होणारी वस्तू म्हणजे आर्मचा मागचा बुश, आर्म गाडीला जोडतो तिथला रबरी तुकडा. शॉकअपचा आवाज असा दिशा बदलताना येत नाही, तो खड्ड्यात येतो.

गाडी उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि डाव्या स्प्रिंगवर हात ठेवला. स्प्रिंग आधी अडकून राहायची आणि मग एकदम ‘टण्’ करून उसळायची. हे स्प्रिंगच्या वरचं, स्टिअरिंगबरोबर ती फिरू देणारं माउंटिंग बेअरिंग. म्हणजे दोन वेगळे बिघाड, आणि बिलांत दोन्ही एकाच ‘आवाज’ या शब्दाखाली गेलेले.

टायरवरून हात फिरवला. दोन्ही पुढचे टायर आतल्या कडेला खाल्लेले, डावा जास्त. शॉकअप मेलेला असेल तर टायर जागोजागी खड्ड्यासारखा झिजतो, बोटांना लाटा लागतात. इथं झीज सलग होती, म्हणजे टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला. आणि चार वेळा अलाइनमेंट करूनही तो बिघडायचं कारण सरळ आहे: मशीनवर गाडी उभी असते, आकडा बरोबर येतो. रस्त्यावर ब्रेक लागला की फाटक्या बुशमुळे आर्म मागं सरकतो, चाकाची दिशा बदलते. उभ्या गाडीवर ते पकडता येत नाही. बुश न बघता अलाइनमेंट करणाऱ्यानं पैसे घेऊ नयेत, असं माझं मत आहे.

मग गाडी जॅकवर, चेसिसखाली घोडी लावून, पुढची चाकं लोंबती. बॉल जॉइंटची, म्हणजे आर्म आणि चाक यांच्यातल्या गोल सांध्याची ढील अशीच बघायची, कारण या प्रकारच्या स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) गाडीचं वजन स्प्रिंगवरून थेट स्ट्रटच्या खालच्या भागावर येतं, बॉल जॉइंटवर नाही. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडं धरून. वर-खाली ढील लागली तर पोराला ब्रेक दाबायला सांगायचं. ढील गेली तर ती व्हील बेअरिंगची, राहिली तर बॉल जॉइंटची. डावी-उजवीकडची ढील स्टिअरिंगच्या जोडांची, म्हणजे टाय रॉड एंडची किंवा रॅकची. इथं काहीच नव्हतं. शॉकअपची बॉडी कोरडी, वरच्या तोंडाशी तेलाचा नुसता ओलसरपणा; त्याला गळती म्हणत नाहीत. ओघळ खालपर्यंत आला तर बदलायचा. शॉकअपच्या दांड्यावर पक्कडीचे ओरखडेही नव्हते. वरचा नट सोडताना दांडा पक्कडीनं धरला की क्रोमवर खरवडा पडतो, तोच सील कापतो आणि नवा शॉकअप तीन महिन्यांत गळतो. ते काम मात्र नीट झालं होतं.

डाव्या आर्मच्या मागच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून दाब दिला. रबर चंद्रकोरीसारखं फाटलेलं, फटीत कोकणातली तांबडी माती सुकून बसलेली. उजव्याला त्याच जागी, त्याच दिशेनं चीर सुरू झालेली. नुसत्या दणक्यानं गेलेले बुश दोन्हीकडं इतके जुळत नाहीत.

रबराचा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली लोखंडी नळी बोल्टनं क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) कानांत घट्ट धरलेली असते, बाहेरची कडी आर्ममध्ये दाबून बसवलेली, आणि मधलं रबर दोन्हीला चिकटवलेलं. चाक वर-खाली झालं की रबर पिळलं जातं, इतकंच. म्हणून गाडी आपल्या चाकांवर उभी असताना रबर मोकळं असलं पाहिजे. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला, की रबराची ‘मोकळी’ जागा तिथंच ठरते. गाडी खाली उतरवली की पीळ बसतो आणि पार्किंगमध्ये उभी असतानाही सुटत नाही. घाटातल्या प्रत्येक खड्ड्यात आणखी पीळ वरून.

किती पीळ, हे मोजता येतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप जमिनीवर ३६० मिलिमीटर, लोंबत्या चाकावर ४४५. फरक ८५. आर्मची लांबी ३२० धरली तर कोन साधारण १५ अंश.

खात्री करायला उजवी बाजू घेतली, कारण डावीचं रबर फाटून पीळ कधीच सुटून गेला होता. गाडी पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर), चाकं जमिनीवर. मागच्या बुशच्या नळीवर आणि शेजारच्या कानावर पांढऱ्या मार्करनं एक सरळ रेघ ओढली आणि बोल्ट सोडला. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, नळी आपोआप फिरली आणि रेघ तुटली. दोन तुकड्यांत जवळजवळ तीन मिलिमीटरचं अंतर. नळी २४ मिलिमीटर व्यासाची, तिच्या परिघावर तीन मिलिमीटर म्हणजे तेच पंधरा अंश.

मालकांना पिटमध्ये उतरवून ती रेघ दाखवली. बराच वेळ ते बॅटरी धरून बघत राहिले.

आर्मचं लोखंड सरळ होतं आणि बॉल जॉइंट घट्ट, त्यामुळे पूर्ण आर्म न घेता चार बुशच प्रेसवर दाबून बसवले. इथं एक चूक हमखास होते: मागच्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. जुना बुश काढायच्या आधी आर्मवर खूण करून घ्यायची. उलटा-सुलटा बसवला तर ब्रेकचा धक्का तसाच बॉडीत येतो. डाव्या बाजूचं माउंटिंग बेअरिंग शॉकअप बदलताना जुनंच परत घातलं होतं. ते दोन्हीकडं नवं घातलं. स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या खाचेत नीट टेकलंय का ते बघितलं, आणि वरचा नट गननं न आवळता दांड्याला अ‍ॅलन की लावून हातानं आवळला.

आर्मचे बोल्ट नुसते हातानं टेकवले. चाकं लावली, गाडी खाली घेतली, दोन-तीन मीटर पुढं-मागं ढकलली, बॉनेटवरून दोनदा दाबून सोडली आणि पिटमधून टॉर्क पान्यानं बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यावर आवळले. आत कोणी बसलेलं नाही, डिकी रिकामी. काही गाड्यांत मागच्या बुशचा बोल्ट उभा असतो, तिथं पिळाचा प्रश्न एवढा येत नाही. या गाडीत दोन्ही आडवे. शेवटी अलाइनमेंट, पाचवं.

मालकांनी तिथूनच आधीच्या गॅरेजला फोन लावला आणि तावातावानं माझ्या हातात दिला. पलीकडचा मिस्त्री भांडला नाही.

“आमच्याकडं पिट न्हाई, दोन खांबांची लिफ्टच हाय. मग खालनं आवळायचं कसं?”

त्यालाही वाट आहे. गाडी उचलायच्या आधी चाकाचा मध्य ते मडगार्ड हे माप लिहून ठेवायचं. काम झाल्यावर लिफ्टवर असतानाच बॉल जॉइंटजवळ आर्मखाली ट्रान्समिशन जॅक लावून चाकाची बाजू तेवढ्याच मापापर्यंत वर घ्यायची आणि मग आवळायचं. गाडी लिफ्टच्या हाताला पट्ट्यानं बांधलेली हवी, आणि जॅक हळू; बॉडी हातावरून उचलली जातेय असं वाटलं की तिथंच थांबायचं.

“या गाडीला किती?”

“तीनशे साठ.”

त्यानं लिहून घेतलं असावं, कारण थोडा वेळ शांतता होती. मग विचारलं, “मागच्या बीमच्या बुशला बी असंच काय?”

असंच. फक्त माप मागच्या चाकाचं घ्यायचं.