तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेंच आणि जर्मन विसरले का?

"फ्रेंच-जर्मन सगळं विसरून गळ्यात गळे घालतात, मग आपल्याला पाकिस्तानशी का जमत नाही?" जर्मनीच्या सीमेवरच्या फ्रेंच शहरात, स्ट्रासबर्गला राहते म्हणून दर सुट्टीत कोणीतरी मला हे विचारतंच. पुरावा ठरलेला: पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवरचा, व्हर्दूनचा १९८४ चा फोटो, जर्मन चॅन्सेलर कोल आणि फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मित्तराँ हातात हात धरून.

पाकिस्तानचं मला विचारू नका. पण हे लोक विसरलेत, असं कोणी सांगितलं तुम्हाला?

पूर्वी मीही ठोकून द्यायचे: १९५१ मध्ये कोळसा-पोलाद एकत्र केलं, १९६३ मध्ये एलिझेचा मैत्री करार झाला, लाखो पोरं एकमेकांच्या देशात राहून आली, झाली मैत्री. खोटं नाही ते. पण ओरादूर-सुर-ग्लान या फ्रेंच गावी जाऊन आल्यापासून एवढ्यावर भागत नाही.

१० जून १९४४ ला हिटलरच्या एसएस या सैन्यदलाच्या तुकडीने तिथे सहाशेच्या वर माणसं मारली. पुरुषांना कोठारांत, बायकापोरांना चर्चमध्ये कोंडून. जळकं गाव तसंच ठेवलंय. पडक्या घरांतून गंजलेली शिलाई मशीन दिसतात. बरोबरची जर्मन मैत्रीण माझ्याशी एरवी जर्मन बोलते, तिथे मोडक्या फ्रेंचवर आली. "अगं, तुझा तर जन्मही नव्हता," मी म्हटलं. "ऐकणाऱ्याला काय माहीत?" म्हणाली.

आणि एवढ्यावर संपत नाही. १९५३ मध्ये या हत्याकांडाचा बोर्दोला खटला चालला, त्यात २१ आरोपी होते, त्यातले १४ आमच्या आल्सासचे, म्हणजे स्ट्रासबर्गच्याच प्रांतातले, जो युद्धात जर्मनीने गिळला होता. त्यातले १३ जण जर्मनांनी जबरदस्तीने भरती केलेले. शिक्षा झाली आणि आठवड्याभरात पॅरिसच्या संसदेने भरती केलेल्यांना माफीही दिली. ओरादूरने सरकारी सन्मान परत केले, माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावं वेशीवर लावली. २०१३ मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्ष गाउक ओरादूरला येऊन गेले. पण आमच्या शेजारच्या आजींपुढे मी त्या गावाचं नाव काढलं, तर त्या फटकन म्हणाल्या, "माझ्या भावाला कोणी विचारलं होतं का, जायचंय का म्हणून?" असाच भरती केलेला त्यांचा भाऊ रशियातून परतलाच नाही. जर्मनांवर त्यांचा राग नाही, पॅरिसवर आणि ओरादूरवर आहे.

तुम्ही म्हणाल, ही मुद्दाम वाकडं शोधते. असेल. २०२० च्या मार्चमध्ये जर्मनीने सीमा बंद केली, तेव्हा पलीकडे कामाला जाणाऱ्या फ्रेंच लोकांनी शिव्या खाल्ल्या. त्याच दिवसांत जर्मन हॉस्पिटलांनी आल्सासचे अत्यवस्थ रुग्णही उचलून नेले.