मांडलेला डाव

गुरुवार, रात्री साडेदहा

मंगळवारी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती चूक होती हे कळायला गुरुवार उजाडला.

घरात टॅब एकच. माझं ऑफिसचं थोडंफार काम, लेकाचा अभ्यास, साताऱ्याला आई-बाबांशी व्हिडिओ कॉल, सगळं त्याच्यावरच. मंगळवारी मला एक मोठी फाइल उतरवून घ्यायची होती आणि जागा शिल्लक नव्हती. कोण किती जागा अडवून बसलंय ते पाहिलं, तर माइनक्राफ्ट, लेकाचा तो ठोकळ्यांनी बांधायचा गेम, यादीत वरच. गेम विकत घेतलेला, पुन्हा घ्यायला पैसे पडत नाहीत. काढून टाकला. काम झाल्यावर परत घातला. कुकर थंड होईपर्यंत सगळं उरकलं होतं.

संध्याकाळी लेक खालून खेळून आला, हातपाय धुतले, टॅब घेऊन बसला. त्या गेममध्ये शिरलं की आधी आपण बांधलेल्या जगांची यादी दिसते. यादी कोरी होती. त्याने गेम बंद केला, परत उघडला. परत बंद, परत उघडला. मग टॅब गादीवर पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी दारातून विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "राजगड गेला."

"खरा होता का तो? बांधशील की परत," मी म्हटलं आणि पोळ्यांकडे वळले.

ही जगं टॅबच्याच पोटात साठवलेली असतात. गेम काढला की त्यांच्यासकट जातो. गेम परत येतो, त्यात बांधलेलं परत येत नाही. हे मला माहीत नव्हतं, आणि त्याला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आज त्याच्या गणिताच्या वहीत सही करायची होती. मागची पानं सहज उलटली. चौकटीच्या कागदावर अकरा पानं नुसता राजगड. एक चौकट म्हणजे एक ठोकळा, एक ठोकळा म्हणजे एक मीटर. पद्मावती माची, सुवेळा, संजीवनी आणि मधोमध बालेकिल्ला. कुठे किती दगड लागले त्याची बेरीज, खोडलेली, परत केलेली. एका पानावर पेन्सिलीने मोठ्ठं लिहिलंय: "नेढं जमलं!!!"

वही घेऊन तशीच बसून राहिले.

शुक्रवार

आम्ही जानेवारीत राजगडला गेलो होतो. गुंजवण्याकडून, चोर दरवाज्याने वर. शेवटच्या टप्प्यात लेकाचे पाय लटपटत होते, पण वर पोचल्यावर त्याने जे पाहिलं ते अजून उतरलेलं नाही. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीत, दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो उतरला आणि बाहेर यायलाच तयार होईना. सुवेळा माचीवरच्या कातळात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. तिथे वाऱ्यात तो बराच वेळ गप्प बसला होता. इतका गप्प तो घरी कधी बसत नाही.

मग जुलैत बातमी आली की मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. 11 आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात आहे म्हटल्यावर याने त्याच रात्री बांधायला घेतला. रोज एक तास, तेवढीच आमच्याकडे परवानगी. जवळजवळ तीन महिने.

मधूनमधून तो मला काहीतरी सांगायचा आणि मी "हो का, वा" म्हणायचे. आता आठवतंय काय काय सांगत होता ते. त्या गेममध्ये उंची 320 ठोकळ्यांपर्यंतच नेता येते, त्यापुढे ठोकळा बसतच नाही. राजगड तर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर. म्हणून त्याने ठरवलं की खालची जमीन म्हणजेच माचीचं बूड धरायचं आणि तिथून वरचं तेवढं मापात करायचं. दहा वर्षांच्या पोराने हे आपलं आपण ठरवलं. आणि नेढं! सगळे ठोकळे चौकोनी, त्यात गोल भोक पाडायचं कसं? तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. जवळून बघितलं तर नुसत्या पायऱ्या पायऱ्या, लांब गेलं की गोल दिसतं, असं तो मला हाताने दाखवत होता आणि मी भाजी निवडत होते.

मी असं का म्हटलं असेन, "खरा होता का तो"? विचार करताना माझाच लहानपणीचा व्हिडिओ गेम डोळ्यांपुढे आला.

1996 च्या मे महिन्यात मामाने मुंबईहून आणला होता. जपानच्या निन्टेन्डोने 1983 साली काढलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आम्ही त्याला व्हिडिओ गेमच म्हणायचो आणि त्यात घालायच्या डबीला कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं 9999 इन 1, आत खरे गेम मोजून दहा-बारा, तेच नावं बदलून फिरून फिरून येणारे. लागला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. बाबा रोज सांगायचे, पिक्चर ट्यूब जाईल. त्या व्हिडिओ गेमबरोबर बदकं मारायची बंदूकही होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि नळीतला डोळा तो उजेड टिपायचा. डोळ्यांना ते कळायचंही नाही इतकं झटकन. मागे दादाने माळ्यावरून ती पेटी काढून नव्या टीव्हीला जोडली. मारिओ धावला, बंदूक मात्र चालेना. जुन्या टीव्हीवर चित्र ज्या क्षणी यायचं त्या हिशोबाने ती बनलेली, नव्यात चित्र यायला किंचित उशीर होतो. बंदूक शाबूत होती, ती ज्या टीव्हीशी बोलायची तो राहिला नव्हता. मला उगाच भरून आलं होतं.

तर सांगायचं होतं ते हे, की त्या मारिओत काहीच साठत नसे. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, आणि हातात तीन जीव. मेलात की पहिल्यापासून. जेवायला हाक आली, बंद केला, की उद्या पहिल्यापासून. एकदा दादा आणि मी आठव्या जगात पोचलो होतो. शेजारच्या मुलाने दाखवलेली ती वाट, पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात विटांच्या छतावर चढून थेट पुढच्या जगांत नेणाऱ्या पाइपांपाशी जायचं, ती वापरून. दादाच्या हाताला घाम सुटला होता, मी बनियनला पुसायला सांगत होते, आणि लाइट गेली. आम्ही अंधारात बराच वेळ तसेच बसलो. मग आई मेणबत्ती घेऊन आली आणि आम्ही हसायलाच लागलो.

म्हणजे माझ्या डोक्यात गेम हा असा होता. बंद केला की पुसला. त्यात कुणी तीन महिने काही बांधून ठेवतं, रोज तिथे परत जातं, भिंतीवरून हात फिरवल्यासारखं बघून येतं, हे माझ्या समजुतीत बसतच नव्हतं.

शनिवार, दुपार

मुलांच्या खेळण्यांबद्दल मी स्वतःला जागरूक आई समजत आले. तो तीन वर्षांचा असताना सावंतवाडीला मुद्दाम चितारआळीत जाऊन लाकडी फळं आणली, रंगवलेली केळी, आंबे, वांगी. हाताला जड, गुळगुळीत, नाकाशी नेली की रंगाचा वास. अजून शोकेसमध्ये आहेत. लाकूड चांगलं, माती चांगली, आणि काचेच्या पलीकडचं सगळं एकाच टोपलीतलं, "स्क्रीन". इमारतीतल्या आयांशी बोलतानाही आम्ही तोच शब्द वापरतो. भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार घातलेला आहे, ती यादी 2022 पासून लागू आहे. मी तेव्हा तो मजकूर नीट वाचला होता. आवर घालता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होत जाणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारण वर्षभर. माझा लेक हाक मारल्यावर "एवढी भिंत होऊ दे" म्हणतो आणि भिंत झाली की उठतो.

काही गेम मी डोळे झाकून काढून टाकीन, आजही. रोज या आणि बक्षीस घ्या, आज आला नाहीत तर साखळी तुटेल, एवढे रुपये भरा म्हणजे पेटी उघडेल. त्यात पोराने मांडलेलं काहीच नसतं, पोरालाच तिथे मांडून ठेवलेलं असतं. पण राजगड त्यातला नव्हता आणि मी दोन्हीला एकच हात लावला.

सकाळी बाबांना फोन केला. तब्येतीची चौकशी झाल्यावर विचारलं, आपल्या दिवाळीच्या किल्ल्याचं आठवतंय का?

साताऱ्यात आमच्या अंगणातून अजिंक्यतारा समोर दिसायचा, तरी दादाचा हट्ट प्रतापगडाचाच. जिन्याखाली, जिथे बाबांची स्कूटर लागायची तिथे किल्ला. सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड गोळा करायचे, वर चिखलात भिजवलेलं गोणपाट. चिखल कालवायचं काम माझं. लाल माती चाळून वर थापायची आणि वसुबारसेच्या आसपास अळीव पेरायचे. दोन-तीन दिवसांत हिरवी लव फुटायची, तिच्यावर तळहात फिरवला की गार आणि ओली, गुदगुल्या करणारी. सलाईनच्या नळीचं कारंजं, फुटक्या आरशाचं तळं. कुंभाराकडून आणलेले मावळे, त्यातल्या एकाचा भाला दरवर्षी मोडायचा आणि दरवर्षी झाडूची काडी लावून तो उभा राहायचा.

आणि दिवाळी संपली तरी किल्ला असायचा. तुळशीचं लग्न होईपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. अळीव पिवळे पडून आडवे व्हायचे, बुरूज खचायचे. तेवढे सगळे दिवस स्कूटर फाटकाबाहेर रस्त्यावर, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधून. सकाळी दव पडून ती चालू व्हायची नाही. बाबा तिरकी करून करून किका मारत असायचे, हे चित्र मला स्वच्छ आठवतं. किल्ल्यामुळे ते होतंय हे मात्र तेव्हा कधी डोक्यात आलं नाही.

मी फोनवर म्हटलं, बाबा, तुम्ही तो काढून का नाही टाकलात? एका रविवारचं काम होतं.

बाबा म्हणाले, "तुम्ही मोडत नव्हता. मग मी कसा मोडणार?"

पुढे काही नाही. लगेच पाण्याच्या टाकीचं बोलायला लागले.

आम्हीच मोडायचो. एखाद्या सकाळी दादा म्हणायचा, चल. आधी मावळे काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. मग दोघं मिळून लाथांनी. बालेकिल्ला मी पाडायचा असं ठरलेलं होतं. गोणपाट झटकून वाळत, विटा भिंतीशी. ती सकाळ मांडण्याइतकीच आमची असायची. डाव ज्याने मांडला त्याने मोडायचा, हे बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही. रस्त्यावर स्कूटर लावत राहिले.

मी लेकाची ती सकाळ घेतली. त्याने नंतर स्वतःच राजगड पाडला असता, कंटाळून, किंवा दुसरं काही बांधायचं म्हणून, तर तो पालथा पडून राहिला नसता.

शनिवार, रात्र

जेवणं झाल्यावर त्याच्याजवळ बसले. म्हटलं, मी तुला न विचारता काढलं, ते माझं चुकलं. आणि खरा होता का असं म्हटलं, तेही चुकलं. मी वही पाहिली.

तो बराच वेळ गादीची शिवण नखाने उसवत बसला. मग म्हणाला, "तू नेढ्यापर्यंत आलीच नव्हतीस." मला वाटलं जानेवारीतलं बोलतोय, तेव्हा मी त्याच्या शेजारीच होते की. तो टॅबमधल्या नेढ्याबद्दल बोलत होता. त्याने मला तीनदा बोलावलं होतं म्हणे.

मी काही बोलले नाही. खरंच बोलावलं होतं.

रविवार

सकाळी त्याने मला जगाची प्रत कशी काढायची ते शिकवलं. मी ती पेन ड्राइव्हवर घ्यायची, दर रविवारी. पेन ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून त्याने नाव लिहिलंय: "राजगड दुसरा".

पुन्हा त्याने जसाच्या तसा सुरू केलेला नाही. आधीचा बालेकिल्ला थोडा डावीकडे सरकला होता म्हणे, तो आता वहीतून मोजून बरोबर घेणार. मी माझ्या फोनवरही गेम घेतला. एकाच वायफायवर असलं की दोघांना एका जगात जाता येतं. मला तिथे धड चालताही येत नाही, दोनदा पाण्यात पडले. त्याने मला काम नेमून दिलं, दगड फोडून आणायचे. संजीवनीच्या तटाला पुष्कळ लागणार आहेत. मी अर्धा तास नुसते दगड फोडत होते आणि जाऊन जाऊन त्याच्या पेटीत टाकत होते.

त्या जगातला अख्खा दिवस वीस मिनिटांचा असतो. ऊन बघता बघता तांबूस झालं, मग डोंगर काळे पडायला लागले.

"आई, दगड राहू दे," तो टॅबमधून मान वर न काढता म्हणाला. "आधी मशाली लाव. चोर दरवाज्यापाशी दोन."