खर्जातला गंधार

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र हाती पडले, तेव्हाच आपण आपल्या संगीताच्या सरांविषयी लिहायचे हे माझ्यापुरते ठरून गेले. गणिताचे आणि इंग्रजीचे गुरुजन थोर होतेच. त्यांच्याविषयी इतर पुष्कळ जण लिहितील.

मिरजेच्या मुलांना संगीत आयते मिळते, असे परगावच्या लोकांना वाटते. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर याच गावात शिकले, आणि सतारी घडवणाऱ्यांच्या गल्लीतले भोपळे तर आम्ही रोजच पाहत होतो. तरीही कानावर जे पडते ते ऐकावे कसे, हे आम्हाला सरांनीच शिकवले. संगीताच्या खोलीत पेटी असूनही ते प्रार्थना तानपुऱ्यावर घेत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये उठवली, हे त्यांना मुळीच आवडले नव्हते. आणि मीही आजवर पेटीच्या एकलवादनाला आवर्जून गेलेलो नाही.

एकदा शाळेच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) घडणीमुळे तारांना येणारा गुंजता नाद, बिघडली, तेव्हा सरांनी आम्हा काही मुलांना बरोबर घेतले आणि गवसणीत घातलेला तानपुरा आम्ही आळीपाळीने उचलून गल्लीत नेला. कारागिरांनी तारा सैल केल्या, घोडीवरून हलक्या हाताने कानस फिरवली, तार पुन्हा चढवून छेडली, मान हलवली आणि पुन्हा कानस हाती घेतली. हे इतका वेळ चालले की आमची चुळबूळ सुरू झाली. अखेर तार आणि घोडी यांच्यामधला दोरा सरकवता सरकवता एका जागी आवाज उघडला, तेव्हा सरांनी आम्हाला डोळे मिटायला लावून विचारले, की फक्त खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार वाजत असताना तिच्यात आणखी कोणता स्वर ऐकू येतो. बराच वेळ कोणी बोलेना. मग माझ्या शेजारचा मुलगा दबकत ‘गंधार’ म्हणाला, आणि त्याने नाव घेताच मलाही तो स्वच्छ ऐकू येऊ लागला. कोणीही न छेडलेला तो स्वयंभू गंधार ऐकल्यावर सरांनी कारागिरांना हात जोडले. आम्हाला मात्र ते काही बोलले नाहीत.

माझी पुढची सारी आवडनिवड त्या संध्याकाळी ठरली, असे मी मानतो. नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर सवाई गंधर्व महोत्सवात मोठमोठे कलावंत ऐकले, घरी ध्वनिमुद्रणांचा बऱ्यापैकी संग्रह केला, आणि आता निवृत्तीनंतर ओळखीचे रसिक ते ऐकायला माझ्याकडे जमतात, याचा मला अभिमान आहे. परंतु झाला, म्हणजे वादनाच्या शेवटचा द्रुत भाग, सुरू होऊन टाळ्या पडू लागल्या की माझे लक्ष उडते. निखिल बॅनर्जींच्या सतारीवरची संथ आलापी, पन्नालाल घोषांच्या लांब बासरीतला खालचा षड्ज आणि रामनारायणांच्या सारंगीची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, एवढे मला पुरते. विलायत खाँसाहेबांनी सतारीवरची खर्जाची तार काढून तिथे गंधाराला जागा दिली. त्यांची गायकी, म्हणजे गळ्यातून गावे तसे सतार वाजवणे, मी मनापासून मानतो, पण ती तार गेल्याची रुखरुख मला आजही वाटते. जुगलबंदीविषयी न बोललेले बरे.

गेल्या वर्षी शाळेत गेलो, तेव्हा प्रार्थना इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर चालली होती आणि आपला तानपुरा तारांविना कपाटावर पडलेला होता. यंत्र बेसूर होत नाही हे खरे. मुलांना स्वर लावून घेण्याची गरजही ते ठेवत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे अभिनंदनाचे फलक गावात लागले, आणि त्याच गावातल्या शाळेत ही अवस्था असावी! मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की महोत्सवाच्या सांगतेपूर्वी त्या तानपुऱ्याला तारा चढवून जवारी काढून घ्यावी. खर्च मी देईन. फक्त तो गल्लीत नेताना चार मुलांना बरोबर न्यावे आणि काम पुरे होईपर्यंत त्यांना तिथेच बसवून ठेवावे.