रिटर्न भरून देणारा कसा पारखावा: माझा अनुभव

बेळगावात आयकराचे रिटर्न भरून देणाऱ्यांना तोटा नाही. टिळकवाडीतल्या सीएच्या ऑफिसपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे हे काम घेतात, आणि पगारदाराचे साधे रिटर्न सीएनेच भरले पाहिजे असा कायदाही नाही. म्हणून पाटीपेक्षा समोरचा माणूस काय काय विचारतो, याकडे मी लक्ष देतो.

जाण्याआधी आयकराच्या पोर्टलवरून २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराचा, म्हणजे टीडीएसचा तक्ता) आणि एआयएस (खात्याकडे असलेली आपल्या उत्पन्नाची व व्यवहारांची यादी) स्वतः डाउनलोड करून घ्यावे. हे न उघडता नुसत्या फॉर्म १६ वरून, म्हणजे मालकाने दिलेल्या पगार-कराच्या दाखल्यावरून, कोणी आकडे टाकायला बसला तर कागद उचलून परत यावे. चांगला माणूस एआयएसवरही थांबत नाही, "पतसंस्थेत, सौहार्दमध्ये (म्हणजे कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्थेत) ठेव आहे का?" असे विचारतो. सभासदाच्या ठेवीवर पतसंस्था बऱ्याचदा टीडीएस कापत नाही, त्यामुळे ते व्याज एआयएसमध्ये दिसतही नाही. करपात्र मात्र असतेच.

माझा खरा परीक्षेचा प्रश्न जमिनीचा. बेळगावजवळच्या हिंडलग्याकडची शेतजमीन विकली तर टॅक्स बसतो का? "शेतजमिनीला कुठला आलाय टॅक्स!" असे फटकन उत्तर आले की समजावे, इथे काम द्यायचे नाही. सूट आहे ती ग्रामीण शेतजमिनीला, आणि ग्रामीण कोणती हे अंतरावर ठरते. जवळच्या नगरपालिकेच्या गावाची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून २ किमी, १ ते १० लाख असेल तर ६ किमी, त्याहून जास्त असेल तर ८ किमी. या पट्ट्यातली जमीन भांडवली मालमत्ता धरली जाते, म्हणजे ती विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव ६ किमीत बसते, निपाणी २ किमीत. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. आणि छावणी मंडळाची (कॅन्टोन्मेंटची) हद्दही यात धरतात, हे भल्याभल्यांच्या लक्षात नसते. जाणकार माणूस आधी सर्व्हे नंबर, उतारा आणि जुने खरेदीपत्र मागतो. हे कागद कानडीत असतात, तेव्हा ते वाचणारे कोणी ऑफिसात आहे का तेही बघावे. मोठ्या रकमेचा व्यवहार उपनिबंधक कार्यालयातून आयकर खात्याला कळवला जातो, त्यामुळे "कुणाला कळतंय" हा सल्ला निरुपयोगी आहे.

फी कामावर ठरवावी, आधी ठरवावी, बिल घ्यावे. रिफंडातले, म्हणजे परत मिळणाऱ्या करातले, टक्के मागणाऱ्याकडे जाऊच नये. त्याचा फायदा रिफंड फुगवण्यात असतो: न दिलेले घरभाडे, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, नसलेला विमा. जुलै २०२५ मध्ये अशाच बनावट वजावटींवरून खात्याने देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवले तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो, आणि तो पॅनच्या मालकाला. भरून देणारा तोवर नंबर बदलून मोकळा.

नंबरावरून आठवले. भरून देणारे बरेच जण सोय म्हणून पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल घालतात. मग रिटर्नमध्ये दोष असल्याची नोटीस त्यांच्याकडे जाते, आपल्याला पत्ताच नसतो. तिला उत्तर द्यायला सहसा १५ दिवस असतात. उत्तर गेले नाही तर रिटर्न भरलेच नव्हते असे धरले जाऊ शकते. म्हणून मोबाइल आणि ईमेल आपलेच हवेत, आणि काम झाल्यावर पासवर्ड बदलावा.

फोनवर ओटीपी सांगायचा तो हिशेबाचा कच्चा कागद पाहिल्यावरच. जुन्या आणि नव्या, दोन्ही करपद्धतींनी कर किती येतो ते त्यात लिहून मागावे. बँक खात्याचा नंबरही तपासावा, रिफंड तिथेच येतो. ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे रिटर्न आपलेच असल्याची ऑनलाइन खात्री, रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत झाले पाहिजे. "भरलं हो" एवढ्यावर विसंबू नये, पोचपावती, पूर्ण फॉर्म आणि हिशेब अशा तीन पीडीएफ मागून घ्याव्यात. पुढे बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून ईमेलवर इंटिमेशन, म्हणजे खात्याने केलेल्या हिशेबाची सूचना, येते. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे. ती उघडून आपले आकडे आणि खात्याचे आकडे शेजारी शेजारी ताडून पाहावेत. फरक दिसला तर त्याच आठवड्यात भरून देणाऱ्याला गाठावे.