एक कोअर 21 अंशांनी जास्त तापत होता: माझा अनुभव

माझ्या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग. सगळ्यांवर सारखाच भार, सगळ्यांचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) सारखा. तरी एका टोकाचा कोअर 95 अंशांवर आणि दुसऱ्या टोकाचा 74 वर. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त, 4.3 वरून 4.9 गिगाहर्ट्झवर नेला होता, व्होल्टेज 1.18 वरून 1.32. कूलर मोठा, केसमध्ये हवा खेळती. हा तिढा शेवटी सुटला, पण मधल्या काळात दोन सर्व्हिस सेंटरांनी जी टोलवाटोलवी केली तिचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मदत करायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच चुकतो. कोअर तापणं आणि कोअरमध्ये फरक पडणं हे दोन वेगळे आजार आहेत. पंखा वाढवा, केस उघडी ठेवा, मोठा कूलर घ्या, हे सगळे पहिल्या आजाराचे उपाय. मी पंखे पूर्ण वेगाने फिरवून पाहिले: 92 आणि 71. फरक 21 तो 21 च. पंख्याने सगळे कोअर जवळपास सारखेच खाली येतात. फरक येतो तो कोअर आणि कूलरचा तळ यांच्या दरम्यान, म्हणजे प्रोसेसरच्या आत, हीट स्प्रेडरवर (प्रोसेसरवरचं धातूचं झाकण), त्यावर कूलरखाली लावायच्या उष्णतावाहक पेस्टमध्ये किंवा कूलर जिथे कसला जातो तिथे.

सुरुवातीची तपासणी सरळ झाली. संगणक नुसता चालू असतानाचे आकडे मी सोडून दिले. कोअरमधला सेन्सर कमाल मर्यादेपासून आपण किती अंश दूर आहोत हे सांगतो. मर्यादेच्या जवळ तो बराच अचूक असतो, थंड असताना तितका नसतो. भार नसताना दोन कोअरमध्ये सहा-सात अंश दिसले तर त्यावरून काहीच ठरवू नका. भार द्यायचा तोही स्थिर हवा. मी प्राइम 95 या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्रोग्रामची लहान एफएफटी (स्मॉल एफएफटी) नावाची चाचणी लावली. चढउतार होणाऱ्या चाचणीत प्रत्येक कोअरचा कमाल आकडा वेगवेगळ्या क्षणाचा असतो, त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला सरासरीचा रकाना बघा.

मग एकेका कोअरवर एकट्याने भार दिला. सगळे मिळून चालताना मधला कोअर तापला तर ते शेजाऱ्यांच्या उष्णतेमुळे असू शकतं. माझा तापणारा कोअर टोकाचा होता आणि एकटा चालवला तरी इतरांपेक्षा गरमच. हो, सॉफ्टवेअरमधला कोअरचा क्रमांक आणि सिलिकॉनवरची त्याची जागा जुळतेच असं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

घोडं अडलं ते यानंतर.

कूलर काढला तेव्हा पेस्टचा ठसा बघण्यासारखा होता. एका बाजूला पेस्ट इतकी दाबली गेली होती की खालचा धातू चमकत होता. दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात ती जाड, जवळजवळ लावली तशीच. तांब्याची उष्णतावाहकता 400 वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, पेस्टची बहुधा दहाच्या आतबाहेर. म्हणजे पेस्टचा थर जाड राहिला तर उष्णतेच्या वाटेत भिंत उभी राहते. कूलर तिरका बसत होता, आणि तापणारा कोअर त्याच जाड थराच्या बाजूचा. ठशाचे फोटो काढून कूलरच्या कंपनीकडे तक्रार केली.

त्यांच्या फॉर्ममध्ये तापमानासाठी एकच चौकोन. कमाल तापमान लिहा, बस. कोअरनुसार आकडे द्यायची सोयच नाही. मी शेऱ्याच्या जागेत सगळं कोंबलं. बरीच वाट पाहिल्यावर उत्तर आलं: तापमान मर्यादेत आहे, पेस्ट पुन्हा लावा. पेस्ट पुन्हा लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे फिरवत कसले. फरक कायम. पुन्हा कळवलं. मग त्यांनी कूलर उलटा, म्हणजे अर्धा वळसा फिरवून बसवायला सांगितलं. चाचणी चांगली आहे, प्रत्येकाने करावी. कूलरचा तळ वाकडा असेल तर गरम टोक बदलतं. माझं बदललं नाही. यावर त्यांचा निकाल: दोष प्रोसेसरचा, आमचा नाही. तक्रार बंद.

प्रोसेसरच्या सर्व्हिस सेंटरने पहिल्याच वाक्यात हात वर केले. ओव्हरक्लॉक केलाय, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, ओव्हरक्लॉक काढून आकडे देतो. मूळ सेटिंगवर 76 आणि 61 आले, फरक 15. आता हिशोब बघा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाबरोबर आणि वारंवारतेबरोबर वाढते. 1.32 भागिले 1.18, त्याचा वर्ग 1.25. वारंवारतेचे 1.14. गुणाकार 1.4 च्या थोडा वर. 15 गुणिले 1.4 म्हणजे 21. म्हणजे फरक ओव्हरक्लॉकने निर्माण केलेला नव्हता. तो आधीपासून होता, ओव्हरक्लॉकने तो फक्त मोठा करून दाखवला. हे मी आकड्यांसकट लिहून पाठवलं. उत्तरात पुन्हा तेच छापील वाक्य, आणि खाली सल्ला: कूलरच्या कंपनीशी संपर्क साधा. मी पाठवलेले आकडे कोणी वाचले तरी होते का, याची मला आजही शंका आहे.

दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि मध्ये जे उरतं त्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पण मध्ये काहीतरी उरतं, हेच मला त्यातून सुचलं. कूलर फिरवल्याने फक्त कूलरच्या तळाची परीक्षा होते. ज्यावर तो बसतो ते चार स्टँडऑफ (धातूचे छोटे खांब), त्यांवरच्या पट्ट्या आणि मागची प्लेट जागच्या जागीच राहतात. त्यांच्यात खोट असेल तर गरम टोक हलणारच नाही, आणि नाव मात्र प्रोसेसरचं खराब होईल.

मी पट्ट्या काढल्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन स्टँडऑफ एकमेकांच्या जागी लावले. बाकी काहीही बदललं नाही. तीच पेस्ट, तेवढीच, कूलरची दिशा तीच. चाचणी लावली आणि आठही ओळींकडे बघत बसलो. इतके दिवस थंड असलेलं टोक चढत गेलं, आणि कायम गरम असणारा कोअर खाली राहिला. त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगता येत नाही! व्हर्नियर कॅलिपर लावला तर तीन स्टँडऑफ सारखे, चौथा 0.3 मिलिमीटरने उंच. स्क्रू पूर्ण बसला तरी त्या कोपऱ्यात स्प्रिंग इतरांइतकी दबत नव्हती.

कॅलिपरच्या जबड्यात धरलेल्या स्टँडऑफचे फोटो, आकडा स्पष्ट दिसेल असे, कूलरच्या कंपनीला पाठवले. या वेळी मात्र एकही प्रश्न न विचारता नवा संच आला. माफीचा शब्द नाही. आधीच्या तक्रारीत ठशाचे फोटो होतेच, ते नीट पाहिले असते तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो: प्रत्येक चाचणीच्या वेळी खोलीचं तापमान टिपून ठेवा, नाहीतर आजच्या आणि कालच्या आकड्यांची तुलना होत नाही. काही प्रोसेसरमध्ये एक-दोन निवडक कोअर मुद्दाम जास्त वेगाने चालतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) सगळ्यांचा मल्टिप्लायर सारखा केल्याशिवाय तपासणीला सुरुवातच करू नका. आणि पट्ट्यांना हात लावेपर्यंत हीट स्प्रेडर उघडायच्या भानगडीत पडू नका. मलाही तो सल्ला मिळाला होता. ऐकला असता तर एक चांगला प्रोसेसर विनाकारण फोडला गेला असता, आणि नंतर वॉरंटीचं नावही काढता आलं नसतं.

नवे स्टँडऑफ लावल्यावर 4.9 गिगाहर्ट्झवर सर्वांत गरम कोअर 82, सर्वांत थंड 75. सात अंशांचा फरक राहिलाय आणि तो राहणारच. आता गरम असतो तो मधला कोअर, दोन्ही बाजूंनी शेजारी असलेला. कडेच्या कोअरला एका बाजूने उष्णता पसरायला थंड सिलिकॉन मिळतं, मधल्याला मिळत नाही. मी व्होल्टेज 1.30 वर आणून पाहिलं, त्यावरही स्थिर चालतोय, आणि आता तसाच ठेवलाय.