आमची वाटचाल : डाय विरुद्ध डिस्प्ले

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यातून पहिलं बाहेर पडलं ते एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) मशीन, वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं ते मोजणारं. ते काय करतं हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. बॅरलमध्ये प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, पिस्टनवर वजन ठेवायचं आणि डायमधून, म्हणजे तळाच्या बारीक भोकाच्या तुकड्यातून, दहा मिनिटांत किती ग्रॅम माल येतो ते मोजायचं. पीपीला (पॉलिप्रॉपिलीन) २३० अंश आणि २.१६ किलो, पीईला (पॉलिइथिलीन) १९० अंश आणि तेच वजन, पाण्याच्या एचडीपीई (जास्त घनतेचं पीई) पाइपच्या मालाला १९० आणि ५ किलो. यंत्र दिसायला साधं, म्हणून पुष्कळांना वाटतं की हे कुणीही बनवेल. बनवतातही. कंट्रोलर बाजारातला, हीटर बाजारातला, पत्र्याचं कव्हर पावडर कोटिंग करून चकाचक. बोअर (बॅरलचं आतलं भोक) आणि डाय मात्र ‘चालून जाईल’ अशा मापाचे.

आमचे सुरुवातीचे भागीदार टूलरूममधले, म्हणजे साचे-हत्यारं बनवणारे. बॅरलचा बोअर ९.५५० मिलिमीटर, पिस्टनचं डोकं ९.४७४, डायची लांबी ८.००० आणि डायचं भोक २.०९५, अधिक-उणे ०.००५. ही मापं त्यांना पाठ करावी लागली नाहीत, हातातच होती. डायचं भोक ड्रिल मारून सोडून द्यायचं नाही. आधी रीमिंग (भोक मापाजवळ आणणं), मग हार्डनिंग (तापवून कडक करणं), मग लॅपिंग (बारीक घासून नेमकं माप). हार्डनिंगमध्ये माप हलतं, म्हणून लॅपिंगला मार्जिन ठेवायचं. शेवटी गो आणि नो-गो पिन: पहिली भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. डायच्या भोकाला व्हर्नियर लावणाऱ्याला आमच्या गाळ्यात चहा मिळत नसे.

या मापांचा एवढा आग्रह का, तर भोकातून होणारा प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. वितळलेलं प्लास्टिक जोरात वाहताना आणखी पातळ होत असल्यामुळे त्याच्या बाबतीत तर त्याहून जास्त. व्यास एक टक्का वाढला की एमएफआय चार-पाच टक्के वर. तापमानाचंही तसंच, एका अंशाला दोन-तीन टक्के. म्हणून आमचा सेन्सर हीटरला चिकटवलेला नसतो, डायच्या वर साधारण १० मिलिमीटरवर बोअरजवळ बसवलेला असतो. हीटरजवळचा सेन्सर डिस्प्लेवर २३०.० झकास दाखवतो आणि माल २२७ वर असतो.

मधली वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते त्या एका ऑर्डरीबद्दल. गाड्यांचे प्लास्टिक भाग बनवणाऱ्या एका मोठ्या पार्टीने आमची मशीन घेतली. त्यांच्या लॅबमध्ये आधीपासून दुसऱ्या एका विक्रेत्याचं मशीन होतं. आमच्यापेक्षा स्वस्त आणि मोठ्या रंगीत डिस्प्लेचं. एकाच लॉटच्या पीपीवर त्यांचं मशीन ११.४ दाखवायचं, आमचं १०.१. दाण्याच्या पुरवठादाराच्या टी.सी.वर (टेस्ट सर्टिफिकेटवर) ११ होते. झालं, निकाल लागला: नवीन मशीन चुकीचं, पेमेंट थांबवा. तो विक्रेता शेजारी उभा राहून मान डोलवत होता, हेही सांगून ठेवतो.

टी.सी.वरचा आकडा त्या लॉटचा नव्हताच. ग्रेडच्या छापील पत्रकावरचा ठरावीक आकडा प्रत्येक टी.सी.वर उतरवला जायचा. हे समोरच्यांना पटायला फार वेळ गेला. तोवर आमचं सगळं खेळतं भांडवल त्या बिलात अडकलेलं. स्टीलवाले रोख मागू लागले, गाळ्याचं भाडं थकलं, पगार उशिरा झाले. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे चुकवायला ४५ दिवसांची मुदत आहे, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, सगळं आहे. पण मोठ्या पार्टीविरुद्ध तो कायदा काढायचा म्हणजे पुढची ऑर्डर आपल्याच हाताने फाडायची. लहान कारखानदारांना हे ठाऊक असतं, मोठ्यांना त्याहून जास्त.

तपास क्रमाने केला. दोन्ही मशीनच्या बोअरमध्ये वेगळा कॅलिब्रेट केलेला प्रोब घालून तापमान पाहिलं: फरक नगण्य. वजनं पिस्टनसकट तोलली: ठीक. प्रमाणित संदर्भ दाणा चालवला: आमचं मशीन मर्यादेत, त्यांचं वर. मग डाय अदलाबदल केली. आमची डाय त्यांच्या मशीनमध्ये घातली आणि ११.४ चे १०.२ झाले. त्यांच्या डायमध्ये नो-गो पिन विनाअडथळा आत गेली. भोक २.१५ च्या आसपास पोचलं होतं. त्या लॅबमध्ये ग्लास भरलेलं पीपी रोज चालायचं. काचेचे तंतू मऊ डाय खातात, आणि उरलेलं काम साफसफाईच्या स्टीलच्या ड्रिलने केलं होतं.

पेमेंट आलं. व्याज नाही, लेखी खुलासा नाही. पुढची ऑर्डर त्या विक्रेत्यालाच गेली, कारण दर. आमचे टूलरूमवाले भागीदार त्याच वर्षी वेगळे झाले. भांडण नव्हतं, घरखर्च होता.

त्या काळात तगलो ते चाकणच्या एका मोल्डरमुळे, म्हणजे साच्यात प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्यामुळे. त्यांनी मशीनचे पूर्ण पैसे आगाऊ दिले आणि डिलिव्हरीची तारीख विचारली नाही. एमएफआय मशीन कसं वापरावं हे त्यांच्या रजिस्टरवरून शिकावं. प्रत्येक लॉटच्या दाण्याचा एमएफआय आणि त्याच लॉटच्या तयार भागाचा एमएफआय शेजारी-शेजारी लिहिलेला. पीपी जास्त तापलं किंवा मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये जास्त वेळ राहिलं की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, माल पातळ होतो, आकडा चढतो. दाण्याच्या दीडपट झाला की ते मोल्डिंग थांबवतात आणि आधी रिग्राइंडचं (दळून पुन्हा वापरलेल्या मालाचं) प्रमाण बघतात. पीईला हा नियम आंधळेपणाने लावू नये. तिथे साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन आकडा उलट खाली येऊ शकतो. नायलॉन तर नीट वाळवल्याशिवाय ते बॅरलमध्ये घालूच देत नाहीत. ओलाव्यामुळे चाचणी चालू असतानाच साखळ्या तुटतात आणि चांगला माल वाईट ठरतो.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. बॅरल गरम असतानाच साफ करा, सुती कापडाने. डायला पितळी ब्रश, पोलादी काही नको. दाणा थोडा-थोडा टाकून दाबा, एकदम ओतला तर हवा अडकते. बुडबुडे असलेला तुकडा वजनाला घेऊ नका. चाचणीची मानकं दोन: आयएसओप्रमाणे प्रीहीट (माल आधी तापू देणं) ५ मिनिटं, एएसटीएमप्रमाणे ७. दोन लॅबचं जुळत नसेल तर आधी हे विचारा, मग मशीनला शिव्या द्या.

पुढे आम्ही आयझॉड इम्पॅक्ट मशीनही बनवायला लागलो, खाच पाडलेला नमुना पेंडुलमने तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजणारं. तिथेही हीच तऱ्हा. गिऱ्हाईक डिस्प्ले बघतं, खाच पाडणारा नॉच कटर कुणी बघत नाही. खाचेची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर हवी. कटर बोथट झाला की खाच कापली न जाता घासली जाते, तळ तापतो, त्रिज्या बदलते आणि पॉलिकार्बोनेटसारख्या खाचेला संवेदनशील मालात आकडे कुठल्या कुठे जातात. मग फोन येतो की पेंडुलम बिघडला. पेंडुलम रिकामा सोडून बघा, आकडा शून्याजवळ येत असेल तर दोष बहुधा कटरचा.

ग्लास भरलेला माल रोज चालवणाऱ्यांनी टंगस्टन कार्बाइडची डाय घ्यावी. महाग आहे, आणि आमच्याकडूनच घ्या असं नाही. फक्त नो-गो पिन सोबत मागून घ्या. विक्रेता ‘ती कशाला?’ म्हणाला तर दुसरा विक्रेता बघा.