परवाना मशीनमध्येच होता

कराडमध्ये माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. जून २०२४ मधील एका सोमवारी सकाळी, मी शटर वर करत असतानाच, पाटण तालुक्यातील एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या एक ताई लॅपटॉपची पिशवी घेऊन आल्या. दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेले होते, आणि उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी त्यांच्या केंद्रावर पहाटेपासून पालकांची रांग लागत होती. आठ दिवसांपासून ब्राउझर आपोआप भलतीच पाने उघडत होता, आणि त्या सकाळी विंडोजचा परवाना लवकरच संपणार असल्याची सूचना पडद्यावर आली होती. ‘दादा, संध्याकाळपर्यंत काहीही करून चालू करून द्या आणि लायसन्सचे काय पैसे होतील ते आधीच सांगा,’ एवढेच त्या म्हणाल्या.

लॅपटॉप २०२१ सालचा, अकराव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा होता. दीड वर्षापूर्वी तो मंद झाला म्हणून त्यांनी एका दुकानातून फॉरमॅट मारून घेतला होता आणि तेव्हापासून त्यावर विंडोज १० प्रो चालत होती. मी परवान्याची माहिती दाखवणारी एसएलएमजीआरची आज्ञा दिली, तेव्हा चॅनेलच्या, म्हणजे परवाना कोणत्या मार्गाने आला ते सांगणाऱ्या ओळीत ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असे आले. केएमएस ही पद्धत मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे यांच्यासाठी आहे. तेथे संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि प्रत्येक संगणकाला त्याच्याकडून १८० दिवसांची मुदत मिळते, जी संपर्क राहिला की पुन्हा वाढत जाते. एका गावातील सेवा केंद्राच्या लॅपटॉपवर तसला परवाना असण्याचे काहीच कारण नव्हते. तपशील उघडल्यावर सर्व्हर म्हणून कुठलाच ओळखीचा नसलेला एक पत्ता दिसला, म्हणजेच ही विंडोज क्रॅक करून बसवलेली होती.

तरीही मला खरा धक्का बसला तो विंडोज सिक्युरिटी उघडल्यावर. व्हायरसची तपासणी करताना कोणते फोल्डर वगळायचे, याची एक यादी तेथे असते. त्या यादीत एकच नोंद होती आणि ती संपूर्ण सी ड्राइव्हची होती. क्रॅक करणारी साधने पकडली जाऊ नयेत म्हणून ती बसवणारे असे करतात, परंतु त्यानंतर त्या दारातून कोण आत येईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. त्याच ड्राइव्हवर गावोगावच्या लोकांची आधार कार्डे, रेशन कार्डे, जातीचे दाखले आणि बँक पासबुकांची पहिली पाने स्कॅन करून गावांच्या नावाने ठेवलेली होती. ज्यांनी विश्वासाने आपली कागदपत्रे त्या टेबलावर ठेवली, त्यांना यातले काहीही ठाऊक नव्हते. आमच्या व्यवसायात याला आजही कुणी फारसे मनावर घेत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर मी पॉवरशेल ही आज्ञा देण्याची खिडकी उघडून फर्मवेअरमधील, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, मूळ प्रॉडक्ट की विचारणारी आज्ञा दिली. क्षणभराने पंचवीस अक्षरांची एक की पडद्यावर उमटली. विंडोज ८ आल्यापासून लॅपटॉपचे उत्पादक परवान्याची की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये, एमएसडीएम नावाच्या तक्त्यात लिहून देतात. त्याआधी विंडोज ७ च्या काळात ती लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असे, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत घामाने व घर्षणाने अक्षरे पुसली की माणूस हतबल होई. आता फॉरमॅट मारला, हार्ड डिस्क बदलली, तरी ती की जागची हलत नाही. ताईंनी २०२१ मध्ये लॅपटॉपच्या किमतीतच विंडोज १० होम सिंगल लँग्वेजचे पैसे भरले होते, आणि तो परवाना एवढे दिवस त्यांच्याच मशीनमध्ये पडून होता. त्याच्या डोक्यावर चोरीची विंडोज बसवून वर फॉरमॅटचे पैसेही घेतले गेले होते. मूळ मीडिया, म्हणजे विंडोज बसवण्याचा अस्सल पेनड्राइव्ह वापरला असता, तर इन्स्टॉलरने फर्मवेअरमधील की पाहून होम सिंगल लँग्वेज स्वतःच निवडली असती, आवृत्ती कोणती हवी हे विचारलेसुद्धा नसते.

मी कीची शेवटची पाच अक्षरे डायरीत लिहून घेतली आणि ताईंना सांगितले की, लायसन्सचा एक रुपयाही द्यायचा नाही, ते तुमचेच आहे. त्यांना आधी ते खरे वाटेना. मग ‘सिंगल लँग्वेज’ हे नाव ऐकून त्या काळजीत पडल्या, कारण त्यांचे निम्मे काम मराठीत चालते. हा गैरसमज मी अनेकांकडे पाहिला आहे. ते बंधन फक्त मेनू आणि सूचनांच्या भाषेवर आहे, मराठी कीबोर्ड लावून टाइप करण्यावर नाही. प्रो आवृत्तीतील ज्या सोयी जाणार होत्या, त्यांपैकी एकही त्या वापरत नव्हत्या.

प्रोवरून होमवर जागच्या जागी उतरता येत नाही, त्यामुळे सर्व पुसूनच नव्याने बसवणे भाग होते. मूळ विंडोज परत बसवण्यासाठी उत्पादकाने डिस्कवर राखून दिलेला भाग, म्हणजे रिकव्हरी पार्टिशन, मागच्या फॉरमॅटमध्ये उडवला गेला होता. म्हणून मी दुकानातील संगणकावर उत्पादकाचे रिकव्हरी साधन उघडले, लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा सिरियल नंबर भरला आणि त्याच मॉडेलची फॅक्टरी इमेज, म्हणजे कारखान्यातून येते तशी विंडोज, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवायला लावली. अकराव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साध्या मीडियाला डिस्कच दिसत नाही, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. उत्पादकाच्या इमेजमध्ये तो आधीच असतो.

डाउनलोड चालू असताना बॅकअप घेतला, आणि दिवसातील सर्वांत जास्त वेळ मी तेथेच दिला. प्रोग्रॅम एकही घेतला नाही, फक्त कागदपत्रे, ब्राउझरचे बुकमार्क आणि जुन्या मराठी फाइलींचे फॉन्ट घेतले. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज त्यांच्याकडे बरेच होते. तो फॉन्ट नसेल तर ती मराठी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि फॉरमॅटनंतर ‘फाइली खराब झाल्या’ म्हणून लोक रडकुंडीला येतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहिली, तर बाहेरच्या डिस्कवर तीन फाइली कमी भरल्या. शोधत गेल्यावर कळले की, एका फोल्डरात फोल्डर करत आणि फाइलीला विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, गाव व दाखल्याचा प्रकार असे लांबलचक नाव देत गेल्यामुळे त्यांचा मार्ग २६० अक्षरांच्या पुढे गेला होता. त्या तीनपैकी एक स्कॅन जात पडताळणीच्या अर्जाचा होता. वरच्या फोल्डरांची नावे आखूड करून त्या तिन्ही घेतल्या, संख्या पुन्हा मोजली, दोन्हीकडची कागदपत्रे व्हायरससाठी तपासली, आणि ताईंनी स्वतः दहा-बारा फाइली उघडून पाहिल्यानंतरच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला.

रिकव्हरीला विशेष काही अडले नाही. तीन-चारदा रीस्टार्ट झाल्यानंतर, दुपारी चारच्या सुमारास पहिला पडदा आला. वायफाय जोडले, ॲक्टिव्हेशनचे पान उघडले, आणि विंडोज डिजिटल लायसन्सने सक्रिय झाल्याची ओळ तेथे दिसली. मी पुन्हा एसएलएमजीआरची आज्ञा दिली. चॅनेलच्या ओळीत आता ‘ओईएम डीएम’, म्हणजे उत्पादकाने फर्मवेअरमध्ये दिलेला परवाना, असे होते, आणि खाली दिसणारी कीची शेवटची पाच अक्षरे ताईंनी माझ्या डायरीतील अक्षरांशी एकेक बोट ठेवून जुळवली.

पुढचे दोन तास अपडेट, प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याच्या मशीनला लागणारे आरडी सर्व्हिस हे सॉफ्टवेअर यांत गेले. पोर्टलचे, ईमेलचे आणि बँकेचे सर्व पासवर्ड मी त्यांना तेथेच बसून बदलायला लावले, कारण जुने पासवर्ड कुणाच्या हाती गेले नसतील याची खात्री देता येत नव्हती. बिलात मजुरी आणि पेनड्राइव्ह एवढ्याच दोन ओळी होत्या. तो पेनड्राइव्ह मी त्यांच्याकडेच दिला आणि लॅपटॉपच्या मूळ बिलासोबत फाइलीत ठेवायला सांगितले.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पुन्हा आल्या. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित अपडेट, संपणार असल्याचे त्यांनी वाचले होते आणि विंडोज ११ साठी आता तरी परवाना घ्यावा लागेल का, हे त्यांना विचारायचे होते. लागला नाही. त्याच परवान्यावर विंडोज ११ बसली. अपग्रेड संपल्यावर मी आज्ञा देऊ लागलो, तेव्हा ताईंनी न सांगता फाइलीतून मूळ बिल काढले. त्याच्या मागे त्यांनी ती पाच अक्षरे लिहून ठेवली होती.